अर्धा राहिलेला सोफा

बेबीनंदा आमच्या गल्लीत राहायला आली तेव्हा तिच्याकडे मशीन नव्हतं. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात ती झाडूपोछा करायची आणि तिचा नवरा तातेराव एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये होता. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. येता-जाता ‘जयभीम’ व्हायचा, त्यापलीकडे ओळख नव्हती. मग एका दुपारी मिलमध्ये तापलेली सळई उसळली आणि तातेरावच्या मांडीतून आरपार गेली. पाय राहिला, पण तो गुडघ्यात पुन्हा कधी वाकला नाही. त्या दिवसापासून घर बेबीनंदाच्या अंगावर पडलं.

त्याच वर्षी तिच्या ऑफिसातले सोफे आणि खुर्च्या धुवायला संभाजीनगरहून दोन माणसं आली होती. त्यांना पाणी भरून द्यायचं काम हिच्याकडे होतं. आधी कापडावर कोमट पाण्यातला फेस ब्रशने चोळतात, मग मशीनचं तोंड त्यावरून फिरवतात, आणि वर्षानुवर्षं आत मुरलेला मळ काळ्या पाण्यासारखा नळीतून ओढला जातो, हे ती दिवसभर बघत राहिली. “मला वाटलं, हे तर आपल्याला जमंल,” ती सांगते. तिने त्यांचा नंबर घेतला, आठ दिवस त्यांच्यासोबत हिंडून काम शिकली आणि त्यांचंच एक जुनं मशीन घेऊन परत आली.

स्कूटीच्या पायाशी मशीन, मागे बादल्या आणि ब्रश बांधलेले, अशी ती सकाळी निघायची. जालन्यात सोफा धुवायला बाई येते ही गोष्टच नवी होती. पण दुपारच्या वेळी घरात बायकाच असतात. त्यांना अनोळखी पुरुषापेक्षा ही बरी वाटायची. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात तिला बसायला फुरसत नसे. मे महिन्यात जास्तच, कारण उन्हात सोफा दोन तासांत वाळतो.

कोणाच्या घरात काय पाहिलं ते ती कधी सांगत नसे. कोण कुठल्या जागेवर बसून जेवतो, कोणाच्या डोक्याला तेल जास्त असतं, कोणाच्या घरात कोण सोफ्यावर झोपतो, हे सगळं तिला कापड बघून कळायचं. मी एकदा गमतीने विचारलं तर म्हणाली, “बाई, लोक आपल्याला घरात घेतात ते आपण आंधळे-बहिरे हाव म्हणून.”

शीतलच्या घरचं काम तिला दिवाळीआधी मिळालं. स्टेशनच्या मागच्या बाजूला एका कॉलनीत त्यांचं बसकं घर होतं. शीतल बँकेत कामाला. नवरा धर्मराज बियाण्यांच्या कंपनीत. महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर, कधी विदर्भात तर कधी तेलंगणात. मूलबाळ नव्हतं. घरात तिसरं माणूस म्हणजे धर्मराजची आई, उषाबाई. मूळच्या परतूरकडच्या, शेतीवाडी असलेल्या घरातल्या. नवरा गेल्यावर मुलाने त्यांना जालन्याला आणलं आणि वर्षभरात त्यांचं डोकं विसरायला लागलं.

दार उघडताच बेबीनंदाला लघवीचा वास आला. शीतल खाली मान घालून म्हणाली, “तीन जणांना बोलावून झालं. वास जातच नाही.”

“वरून धुऊन जात न्हाई, मॅडम. फोमपर्यंत गेलेलं असतं,” बेबीनंदा म्हणाली. “मी काढते बराबर.”

तिने सोफ्याच्या गाद्या उलट्या केल्या, सोडा टाकला, वासाचं औषध मुरू दिलं, आणि एकाच गादीवरून सात-आठ वेळा मशीन फिरवलं. उषाबाई समोरच्या खुर्चीवर बसून बघत होत्या. तेव्हा त्यांना अजून पुष्कळ आठवत होतं. त्यांनी विचारलं, “कोणाची गं तू? आडनाव काय तुझं?” बेबीनंदाने आडनाव सांगितलं. उषाबाईंनी पदर आवरून घेतला आणि खुर्चीतच थोड्या मागे सरकल्या. शीतलने हे पाहिलं आणि लाजून चहा करायला आत गेली. बेबीनंदाला त्याचं काही वाटलं नाही, असं ती म्हणते. मला ते खरं वाटत नाही.

संध्याकाळी शीतलने गादीला नाक लावून पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर दर दीड-दोन महिन्यांनी बेबीनंदाला तिचा फोन यायला लागला.

दुसऱ्या वेळी गेली तेव्हा उषाबाई तिला बघून हसल्या. “मालन, कधी आलीस?” म्हणाल्या. मालनबाई ही त्यांची धाकटी बहीण. बेबीनंदाने एकदा-दोनदा सांगून पाहिलं की मी मालन नव्हं, मग सोडून दिलं. उषाबाईंनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. स्वतःच्या ताटातली भाकर मोडून तिच्या तोंडाशी नेली. शीतल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सासूला अडवलं नाही. बेबीनंदाने तो घास खाल्ला.

“जिनं मला पाहून पदर आवरला व्हता, तीच भरवून राह्यली व्हती,” तिने मला नंतर सांगितलं. “ते पण इसरल्या व्हत्या. मला त्यांच्यावर धड रागावता येईना, धड हसता येईना.”

तिसऱ्या वेळी, मार्चमध्ये, तिने सोफा भिंतीपासून पुढे ओढला. मागच्या पायाचं पॉलिश एका पट्ट्यात घासून गेलं होतं आणि लाकडाला सुती दोऱ्याचे धागे चिकटले होते. ती ते बोटांनी काढत होती तेवढ्यात शीतल मागे येऊन उभी राहिली. बेबीनंदाने काही विचारलं नव्हतं, तरी शीतल बोलायला लागली.

“दोनदा स्टेशनवर सापडल्या. घरी जायचं म्हणतात, परतूरची गाडी धरायची म्हणतात. एकदा गॅस उघडा ठेवून झोपल्या. सांभाळायला दोन बायका ठेवल्या, दोघी पंधरा दिवसांत निघून गेल्या. एकीला तर त्यांनी चावा घेतला.” ती थांबली. “दहाला जाते, दीडला जेवायला घरी येते, परत जाते. तेवढा वेळ त्यांच्या कमरेला जुन्या नऊवारीची पट्टी घालून सोफ्याला बांधते. मऊ आहे. काचत नाही.”

“साहेबांना माहीत हाय?”

“त्यांना वाटतं, बाई येते दिवसा.”

बेबीनंदाने मान हलवली आणि मशीन सुरू केलं. तिला शीतलचा राग आला नव्हता. तातेराव पडून होता त्या महिन्यांत तीही त्याला भात आणि पाण्याचा तांब्या ठेवून, बाहेरून कडी घालून कामाला जात होती.

मे महिन्याच्या सुरुवातीला शीतलचा पुन्हा फोन आला. ऊन असं होतं की दहा वाजताच रस्त्यावरचं डांबर चपलेला लागत होतं. बेबीनंदा पोचली तेव्हा शीतल निघायच्या घाईत होती. सोफा धुवायचा म्हणून तिने उषाबाईंना आतल्या खोलीत पलंगावर बसवून पट्टी पलंगाच्या पायाला बांधली होती. पंखा लावला होता, पाण्याची बाटली जवळ होती.

“त्या हाक मारतील, रडतील. सोडू नका, बेबीताई,” शीतल म्हणाली. “काहीही म्हणाल्या तरी. मी दीडला येतेच.”

“न्हाई सोडत. तुम्ही जा.”

तिने तिघांच्या बैठकीचा मोठा सोफा आधी घेतला. आतून “मालन, मालन” चालूच होतं. साडेअकराच्या सुमाराला तिने मशीन बंद केलं आणि आत जाऊन पाहिलं. उषाबाई पट्टीशी झटत होत्या. “मला बाहेर जायाचंय गं. इथं करू का? पोरगी रागावती,” असं त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. त्या पाय आवळून बसल्या होत्या. शीतल दीडशिवाय येणार नव्हती. बेबीनंदाने गाठ सोडली, त्यांना धरून संडासात नेलं, हातपाय धुतले. परत आणून पलंगावर बसवलं, त्यांचे केस सुटले होते ते विंचरून अंबाडा घातला. उषाबाई शांत झाल्या, तिच्या हातावर हात ठेवून बसून राहिल्या.

पट्टी खाली लोंबत होती. बेबीनंदाने ती उचलली, पुन्हा खाली सोडली.

“त्यांनी माझा हात धरल्ता,” ती म्हणते. “त्या हातानं त्यांनाच बांधायचं? मला वाटलं, मी हाय ना घरात. दीड वाजेपर्यंतच तर.”

पुढच्या दाराला तिने आतून कडी घातलीच होती. मागचं दार मोरीकडे उघडत होतं. मळाचं पाणी भरलं की टाकी काढून मोरीत ओतायची, म्हणून ती त्या दाराने आत-बाहेर करत होती. एकदा पाणी ओतून आली आणि कडी घालायची राहिली. मग ती गुडघ्यावर बसून सोफ्याच्या पाठीच्या खाचा धुवायला लागली. मशीनचा आवाज असा असतो की शेजारी माणूस बोललं तरी ऐकू येत नाही. तिची पाठ आतल्या खोलीकडे होती.

मोठा सोफा संपल्यावर तिने मशीन थांबवलं. हाक आली नाही. ती आत गेली तर पलंग रिकामा होता आणि मागचं दार सताड उघडं. घड्याळात बारालाही काही मिनिटं कमी होती.

पुढे जे झालं ते तिने मला एकदाच, सलग सांगितलं. मध्ये थांबली नाही. ती आधी मागच्या बोळात धावली. मग पुढच्या गल्लीत. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, सगळी दारं-खिडक्या उन्हामुळे बंद. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, त्याने म्हातारी पाहिली नव्हती. हातात फोन होता. शीतलचा नंबर समोर होता. ती म्हणाली, “मला वाटलं, पुढच्या गल्लीत सापडतील. सापडल्या तर सांगायची गरजच न्हाई पडणार. एक गल्ली पाहू, मंग फोन करू. मंग अजून एक पाहू.” अशा सहा गल्ल्या पाहून झाल्या. घरी परत येऊन तिने फोन लावला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

शीतल रिक्षाने पाच मिनिटांत आली. आल्याबरोबर सरळ आतल्या खोलीत गेली, पट्टी हातात घेतली आणि विचारलं, “कोणी सोडलं?”

बेबीनंदा म्हणाली, “मी न्हाई. गाठ ढिली असंल. त्यांनीच काढली असंल.”

शीतल पट्टीकडे बघत राहिली. मग तिने ती पट्टी कपाटात, साड्यांच्या खाली घातली, आणि दोघी शोधायला बाहेर पडल्या.

पोलिसांत तक्रार दिली. धर्मराज तेलंगणात होता, तो रात्रीची गाडी धरून निघाला. संध्याकाळपर्यंत एवढंच कळलं की स्टेशनबाहेरच्या एका चहावाल्याकडे एक म्हातारी आली होती, पायात काही नव्हतं, आणि तिने परतूरची गाडी कधी आहे म्हणून विचारलं होतं. आत्ता गाडी नाही म्हटल्यावर ती फलाटाच्या टोकाकडे निघून गेली. तेव्हा सव्वाबारा झाले असतील, असं तो म्हणाला. शीतलची बँक त्या चहाच्या टपरीच्या समोरच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेच्या ट्रॅकमनना उषाबाई सापडल्या. स्टेशनपासून पाच-सहा किलोमीटरवर, परतूरच्या बाजूला, रुळाखालच्या मोरीच्या सावलीत त्या आडव्या झाल्या होत्या. गाडीचा धक्का लागलेला नव्हता. तळपायांची कातडी खडीने आणि उन्हाने सोलून निघाली होती. डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं.

बेबीनंदा घरी येऊन भिंतीशी बसली ती दोन दिवस उठली नाही. तिसऱ्या दिवशी तिने तातेरावला सगळं सांगितलं. तातेराव कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, “गप राह्य. ते बँकेतले, कंपनीतले लोक. आपण तोंड उघडलं की उद्या पोलीस दारात. तूच म्हातारीला हाकलून दिलीस म्हणतील. आपलं कोण ऐकणार हाय?” तो चुकीचं बोलत नव्हता. आमच्यातल्या कोणीही तिला तेच सांगितलं असतं.

मग बुद्धपौर्णिमा आली. विहारात सकाळी वंदनेला आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलो होतो. बेबीनंदा माझ्या शेजारी होती. पंचशील सुरू झालं. तिचा आवाज चांगला आहे, बायकांमध्ये तो वेगळा ऐकू येतो. तीन शीलं तिने म्हटली. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं आणि तिचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं. ओठ हलत नव्हते. पाचवं शीलही ती म्हणाली नाही, हात जोडून तशीच बसून राहिली.

खिरीचं वाटप चालू असताना मी तिला विहाराच्या मागे घेऊन गेले. तिथे तिने मला हे सांगितलं. आणि विचारलं, “बाई, तुम्ही शिकलेल्या. सांगा, मी काय करू?”

मी म्हणाले, “विचार करून सांगते.” खरं सांगायचं तर मला भीती वाटली. तातेराव जे म्हणाला तेच माझ्या मनात होतं, पण ते माझ्या तोंडून निघू नये असं वाटत होतं. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि मीही होऊन विषय काढला नाही.

उषाबाई गेल्याच्या सोळाव्या-सतराव्या दिवशी शीतलचा फोन आला. “बेबीताई, सोफा अर्धाच राहिलाय. दोन खुर्च्या तशाच आहेत. येऊन पूर्ण करता का?”

बेबीनंदा गेली. हॉलमध्ये उषाबाईंचा फोटो होता, त्याला हार. धुतलेला मोठा सोफा एका बाजूला आणि न धुतलेल्या दोन खुर्च्या दुसऱ्या बाजूला, तसंच सगळं. शीतल प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. तिचं तोंड सुकून एवढंसं झालं होतं.

बेबीनंदाने मशीन खाली ठेवलं, पण वायर लावली नाही. शीतल आपणहून बोलायला लागली. “त्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या होत्या, काचतंय म्हणून. मी पट्टी जरा सैल बांधली. मला आता चांगलं आठवतंय, दोन बोटं आत जात होती. रोज घट्ट बांधायचे आणि त्याच दिवशी सैल बांधली. हे मला रोज विचारतात, दार उघडं कसं राहिलं, बाई कुठे होती. मी काय सांगू?”

“मॅडम,” बेबीनंदा म्हणाली, “गाठ ढिली नव्हती. तुम्ही बराबर बांधल्ती. मी सोडली.”

शीतलने वर पाहिलं.

“संडासला जायचं म्हणाल्या म्हणून सोडली. मंग परत बांधायचं माझ्याच्यानं झालं न्हाई. मागचं दार पण माझ्याच हातून उघडं राह्यलं.”

“आणि फोन?”

“त्या गेल्या ते मला बाराच्या आतच कळल्तं. तुम्हाला फोन मी साडेबाराच्या नंतर केला. आधी मीच हुडकत व्हते.”

शीतल इतक्या दिवसांचं ‘तुम्ही’ सोडून बोलली. “माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतून स्टेशनचं गेट दिसतं. तू तेव्हाच फोन केला असतास तर मी नुसती उठून उभी राहिले असते तरी त्या मला दिसल्या असत्या.” आणि मग, “सोळा दिवस मी त्या गाठीला धरून बसलेय. झोपेत सुद्धा गाठ बांधते. तुला एकदा तरी वाटलं नाही सांगावं?”

“रोज वाटलं.”

आतल्या दारात धर्मराज उभा होता. डोक्याचं मुंडण केलेलं, दाढी वाढलेली. तो कधी आला ते दोघींनाही कळलं नव्हतं.

“कसली गाठ?” त्याने विचारलं.

शीतलने आता लपवलं नाही. “मी आईंना बांधून जात होते,” ती म्हणाली. “त्या दोघी बायका गेल्यावर दुसरी ठेवलीच नाही. गेले आठ महिने. रोज.”

तो पुढे आला आणि न धुतलेल्या एका खुर्चीवर बसला. दोन्ही तळवे त्याने गुडघ्यांवर ठेवले. म्हणाला, “मला माहीत होतं.”

शीतल त्याच्याकडे बघतच राहिली.

“दौऱ्यावरून यायचो तेव्हा सोफ्याच्या मागे ती पट्टी दिसायची. आईच्या नऊवारीचा रंग मला ओळखू येणार नाही का? एकदा मी ती हातात पण घेतली. मग परत तिथेच ठेवली.” तो जमिनीकडे बघून बोलत होता. “विचारलं नाही. विचारलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं. नोकरी सोडायला लागली असती, नाहीतर दुसरं काही. तू करत होतीस, ते चाललं होतं.”

“आणि तरी तुम्ही मला सोळा दिवस विचारत होतात, दार उघडं कसं राहिलं म्हणून,” शीतल म्हणाली.

“मी पोलिसांत जाऊन सांगते,” बेबीनंदा म्हणाली. “माझ्यामुळं झालं म्हणून.”

“नको,” तो लगेच म्हणाला. “मग सगळंच सांगावं लागेल.”

शीतल उठली. डोळे कोरडे होते. तिने मशीनची वायर उचलली आणि स्वतःच्या हाताने बोर्डात लावली. “हे काम पूर्ण करा,” ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “तुम्ही उठा.” तो उठला.

बेबीनंदाने दोन्ही खुर्च्या धुतल्या. दीड तास लागला. शीतल पूर्ण वेळ स्टुलावर बसून तिच्या हातांकडे बघत होती. आत कुठेतरी धर्मराज फेऱ्या मारत होता. काम झाल्यावर बेबीनंदाने वायर गुंडाळली. शीतल दारापर्यंत आली आणि म्हणाली, “आता या घरी पुन्हा येऊ नका.”

दोन दिवसांनी तातेरावला न सांगता बेबीनंदा पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या जमादाराने तिचं सगळं ऐकून घेतलं, तिला पाणी दिलं. मग विचारलं, घरच्यांची काही तक्रार आहे का? नाही म्हटल्यावर तो म्हणाला, अकस्मात मृत्यूची नोंद होऊन विषय संपलेला आहे, बाई, तुम्ही जा घरी. ती बाहेर बाकावर आणखी तासभर बसली. कोणी बोलावलं नाही. तातेरावला हे कळलं तेव्हा त्याने चार दिवस तिच्याशी बोलणं टाकलं.

शीतलने पावसाळ्यात परभणीला बदली करून घेतली. धर्मराज गेला नाही. त्याने दौऱ्याचं काम सोडलं आणि आता तो कंपनीच्या इथल्या गोदामावर असतो. घर अजून त्याच्याच नावावर आहे, तो तिथे एकटा राहतो. त्या दोघांमध्ये पुढे काय ठरलं ते बेबीनंदाला माहीत नाही आणि तिने कोणाला विचारलंही नाही.

तिचं काम चालू आहे. ते थांबवणं तिला परवडणारं नव्हतं. फक्त एखाद्या घरात एकटं म्हातारं माणूस असेल तर ती घरचं कोणी हजर असल्याशिवाय जात नाही. “तुम्ही थांबत असाल तर येते,” एवढंच सांगते, कारण सांगत नाही. दोन-चार कामं त्यामुळे गेली.

या वर्षी मे महिन्यात, बरोबर वर्ष भरलं त्या दिवशी, ती सकाळी स्कूटी न घेता बाहेर पडली. मला वाटलं विहारात गेली असेल. दुपारी दोनला तिला एका ट्रॅकमनने मोटरसायकलवरून घरी आणून सोडलं. ती स्टेशनपासून रुळाच्या कडेकडेने, भर बारा वाजता, त्या मोरीपर्यंत चालत गेली होती. चप्पल तिने स्टेशनवरच काढून ठेवली होती. ट्रॅकमन मला रागाने म्हणाला, “बाई, यांना सांभाळा. गाडी यायच्या टायमाला मोरीपाशी रुळाला लागून बसल्या व्हत्या. मी पाह्यलं म्हणून.”

मी तिचे पाय बघितले. टाचांना फोड आले होते आणि काही फुटले होते. तातेराव भिंतीला धरून आत गेला, पाण्याची परात घेऊन आला आणि ताठ पाय पुढे पसरून तिच्यासमोर खाली बसला. त्याने तिचे पाय परातीत ठेवले.

“कशाला गेल्ती?” त्याने विचारलं.

“किती लांब हाय ते पाह्यचं व्हतं,” ती म्हणाली. “लई लांब हाय.”

दुसऱ्या दिवशी तिला अंकुशनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत एका घरी काम होतं. मी म्हणाले, आठ दिवस थांब. ती म्हणाली, त्यांच्याकडं साखरपुडा हाय, मी शब्द दिलाय. सकाळी सातला तिने दोन्ही पायांना फडकं बांधलं, त्यावर तातेरावच्या मोठ्या चपला घातल्या आणि मशीन स्कूटीवर चढवलं.